जुन्या रेकॉर्डची कव्हरे: सोलापुरात शोधायची, सांधायची आणि टिकवायची कशी

रेकॉर्ड ऐकण्यासाठी घेणारा माणूस आधी तबकडी बाहेर काढतो, उजेडाला तिरकी धरतो आणि चरे पाहतो. कव्हरसाठी घेणाऱ्याने तबकडी बाजूला ठेवायची आणि रिकामे कव्हर उजेडाला धरायचे. एवढ्या एका फरकामुळे बाजारात तुमची आणि ऐकणाऱ्यांची फारशी ओढाताण होत नाही. सुई अडकते म्हणून ढिगात टाकलेली, लग्नाच्या मांडवात वाजून वाजून पांढरी पडलेली, अगदी तडकलेली प्लेटसुद्धा तुम्हाला चालते. वरचे चित्र शाबूत असले की झाले.

जुन्या कव्हरावर दोन प्रकारच्या गोष्टी साठलेल्या असतात. एक खुणा: मंडपवाल्याचा शिक्का, शाईने लिहिलेले मालकाचे नाव, ‘चि. सौ. कां. हिस सप्रेम भेट’. दुसरी खराबी: बुरशी, कसर, चिकटपट्टीचा पिवळा डाग, उसवत जाणारी कड. खूण आहे तिथे राहते, खराबी पसरत जाते. खूण ठेवायची आणि पसरणारे थांबवायचे, हे एकदा ठरले की पुढचे बहुतेक निर्णय सोपे होतात.

कोणती कव्हरे उचलायची

चित्र असलेले कव्हर ही तशी उशिरा आलेली गोष्ट. त्याआधी रेकॉर्ड साध्या कागदी पाकिटात किंवा पुठ्ठ्याच्या साध्या बांधणीत मिळत. अमेरिकेत कोलंबिया कंपनीसाठी काम करणाऱ्या ॲलेक्स स्टाइनवाइस या चित्रकाराने १९४० च्या सुमारास कव्हरावर खास चित्र काढायची प्रथा रुजवली. १९४८ मध्ये लाँग प्ले म्हणजे एलपी आली आणि १२ इंची तबकडीमुळे चित्रकाराला जवळजवळ ३१.५ सेंटिमीटर बाजूचा चौरस मिळाला. ईपी म्हणजे मोजकी गाणी असलेली ७ इंची छोटी तबकडी, तिचे कव्हर साधारण १८ सेंटिमीटरचे असते. आपल्याकडे १९८० च्या दशकात कॅसेट घरोघर पोचली आणि हा चौरस आक्रसून काडेपेटीपेक्षा थोडा मोठा झाला. आपल्याला शोधायचे आहे ते प्रामुख्याने या दोन टप्प्यांच्या मधले.

‘जे जुने ते सगळे’ असे धोरण ठेवले तर सहा महिन्यांत कपाट भरते आणि मन उडते. पहिली २५–३० कव्हरे होईपर्यंत दोनच विषय धरा. विषय गायकावरून निवडण्यापेक्षा चित्रावरून निवडला तर जास्त मजा येते. ॲकॉर्डियन किंवा हवाइयन गिटारवर वाजवलेल्या चित्रपटगीतांच्या एलपी घ्या: त्यांच्यावर वादक कोट-टाय घालून, वाद्य छातीशी धरून, मागे भडक रंगाचा पडदा लावून उभा असतो. चित्रपटांच्या संवादांच्या एलपी, बालगीते, कथाकथन, योगासने शिकवणाऱ्या रेकॉर्डी, स्टिरिओ म्हणजे काय ते ऐकवणाऱ्या नमुना-रेकॉर्डी, कारखान्यांनी जाहिरातीसाठी काढलेल्या ईपी, डिस्कोच्या काळातली चंदेरी-जांभळी कव्हरे हे सगळे स्वतंत्र संग्रहाचे विषय आहेत. नाट्यसंगीताच्या कव्हरांवर रंगभूषेसह पूर्ण वेशातले नट सापडतात. भीमगीते, कोळीगीते, पोवाडे आणि लावण्यांच्या ईपींवर अक्षरलेखन बघण्यासारखे असते. देवनागरी अक्षरे हाताने रेखताना चित्रकाराने वेलांटीची तलवार केलेली असते, नाहीतर अनुस्वाराचे फूल.

सोलापूरकराने आणखी एक विषय आवर्जून धरावा. मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू एकाच बाजारात ऐकू येणाऱ्या शहरात रेकॉर्डीही चार भाषांच्या सापडू शकतात. पूर्व भागातल्या विणकर कुटुंबांच्या माळ्यावर तेलुगू भक्तिगीते, विजापूर रोड किंवा अक्कलकोटकडच्या घरांत कन्नड चित्रपटांच्या ईपी असण्याची शक्यता पुण्या-मुंबईपेक्षा इथे जास्त. एकच देव, एकच कंपनी, पण प्रत्येक भाषेत चित्राची रीत वेगळी. अशी चार कव्हरे शेजारी मांडली की तो फरक न सांगता दिसतो.

७८ आरपीएमच्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या, लाखेच्या जुन्या तबकड्यांना चित्राचे कव्हर सहसा नसते. मध्ये गोल भोक असलेले कागदी पाकीट असते. ते फेकू नका. त्यावर कंपनीची किंवा विक्रेत्याची जाहिरात छापलेली असे. ग्रामोफोन विकणारा दुकानदार बऱ्याचदा घड्याळे, सायकली किंवा शिलाई मशीनही विकायचा आणि हे सगळे पाकिटावर नमूद करायचा. सोलापूरच्या दुकानाचा पत्ता असलेले फाटके पाकीटही घ्यावे. ते दुसऱ्यांदा समोर येईलच असे नाही.

कुठे शोधायची

आठवडी बाजारात जुने सामान पसरून बसणारे पथारीवाले, रद्दीची दुकाने, भंगारवाले हे पहिले दार. त्यांना ‘जुन्या रेकॉर्ड आहेत का’ एवढेच विचारून थांबू नका. रेकॉर्ड प्लास्टिकची आणि कव्हर पुठ्ठ्याचे असल्यामुळे दोन्ही वेगळे करून वेगळ्या ढिगात टाकले जाते. ‘चौकोनी पुठ्ठे, फोटो असलेले’ असे विचारा आणि रद्दीचा ढीगही पाहू द्या म्हणून सांगा. दुसरे दार म्हणजे जुने लाऊडस्पीकर-मंडपवाले आणि रेडिओ दुरुस्ती करणारे. त्यांच्याकडे पेट्याच्या पेट्या असत. तबकड्या झिजलेल्या असतात, पण कव्हरावर धंद्याचे नाव रंगवलेले असते आणि तीच त्या कव्हराची खरी किंमत. तिसरे दार ओळखीतले: माळा साफ करणारी, घर रिकामे करणारी मंडळी. दिवाळीच्या आधीचे पंधरा दिवस यासाठी उत्तम.

पुण्याचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो, मुंबईत चोरबाजारातली मटण स्ट्रीट आहे. तिथे निवड मोठी, पण विकणारा जाणकार असतो आणि भाव तबकडीच्या स्थितीवर सांगतो. म्हणून तिथे उलटे करा: तबकडी खराब आणि कव्हर चांगले असे नग वेगळे काढा आणि पाच-सहा एकत्र करून भाव विचारा. एकेक उचलून विचारलेत तर प्रत्येकाचा पूर्ण भाव सांगितला जाईल.

हातात घेतल्यावर

आधी वास घ्या. कुबट वास आला की आत ओल आहे, वरून कितीही स्वच्छ दिसो. मग तोंड हलकेच दाबून कव्हर फुगवा आणि आत डोकावा. खालच्या कडेला तबकडीची धार वर्षानुवर्षे टेकलेली असते, म्हणून उसवणे बहुधा तिथूनच सुरू होते. आत भुशासारखी पूड दिसली तर कीड आहे. मातीच्या बारीक नळ्या दिसल्या तर वाळवी. तो नग कितीही दुर्मीळ असला तरी घरात नेऊ नका, तिथेच फोटो काढून घ्या.

नंतर पुढची बाजू तिरक्या उजेडात धरा. तबकडीचा गोल वळ उठलेला असेल तर बोट फिरवून पाहा. नुसता उंचवटा असेल तर चालेल. शाई उडून पांढरे वर्तुळ झाले असेल तर ते परत येत नाही, त्याप्रमाणे भाव पाडा. १९६० च्या दशकातल्या बऱ्याच कव्हरांवर पुढे पातळ चकचकीत फिल्म असते आणि तिची कड मागे दुमडून चिकटवलेली असते. ही मागची दुमड सुटलेली असेल तर घाबरू नका, ती अर्ध्या तासाची दुरुस्ती आहे. फिल्मखाली बुडबुडे आले असतील तर मात्र काही करता येत नाही. इस्त्री फिरवायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका: फिल्म आक्रसते आणि खालची शाई घेऊन सुटते.

शेवटी कव्हरावरचा क्रमांक तबकडीच्या लेबलवरच्या क्रमांकाशी ताडून पाहा. अदलाबदल फार झालेली असते.

किती जुने, आणि खरेच जुने का

एचएमव्ही, कोलंबिया, ओडियन, एंजल ही नावे वेगवेगळी दिसली तरी भारतात या सगळ्यांमागे कलकत्त्याजवळ डमडमला कारखाना असलेली ग्रामोफोन कंपनीच होती. पॉलिडोर आणि इन्रेको या वेगळ्या. ग्रामोफोन कंपनीच्या एलपींवर क्रमांकाआधी ईएएलपी किंवा ईसीएलपी असे असेल तर मोनो, ईएएसडी किंवा ईसीएसडी असेल तर स्टिरिओ. ७ईपीई हे ७ इंची ईपीचे.

वर्तुळातल्या पी या अक्षरापुढचे वर्ष ध्वनिमुद्रण पहिल्यांदा प्रसिद्ध झाल्याचे असते. हातातले कव्हर नंतरच्या छपाईचे असू शकते. त्यासाठी मागचा पत्ता वाचा. देशात पिन कोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला. त्यामुळे पत्त्यात ‘कलकत्ता ७०००२८’ असा सहा आकडी क्रमांक असेल तर ते कव्हर त्या तारखेनंतरचे, मग आतले गाणे १९६० चे का असेना. हाच हिशेब दुकानाच्या शिक्क्याला लागू होतो: शिक्क्यात ४१३ ने सुरू होणारा पिन असेल तर विक्री १९७२ नंतरची.

नवी पुनर्मुद्रणे ओळखायला भिंग लागते. यंत्रमागवाले एका इंचातले उभे-आडवे धागे मोजायला घडीचे छोटे भिंग वापरतात. तेच आणा, ते कव्हरावर टेकवून ठेवता येते आणि हात हलत नाही. मूळ छपाईत चित्र रंगाच्या ठिपक्यांचे असते, पण काळी अक्षरे भरीव आणि धारदार असतात. जुन्या कव्हराचे स्कॅन करून पुन्हा छापले असेल तर अक्षरेही ठिपक्यांत फुटलेली दिसतात आणि कडा भुरकट असतात. बारकोड असेल तर तिथेच प्रश्न संपतो.

कपाटात ठेवण्याआधी

नवा नग सरळ संग्रहात ठेवू नका. तबकडी काढून घ्या, कव्हर स्वच्छ पॉलिथीनच्या पिशवीत बंद करा आणि दोन आठवडे वेगळ्या खोलीत ठेवा. पिशवीत नवी पूड पडली किंवा काही हलताना दिसले तर गोठवण्याचा उपाय करा. कव्हर दोन पिशव्यांत घालून हवा काढून टाका, तोंड चिकटवा आणि उणे १८ अंश किंवा त्याहून थंड फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पूर्ण एक दिवस पिशवी उघडायची नाही. लगेच उघडली तर हवेतले बाष्प थंड पुठ्ठ्यावर जमते आणि कीड मरून बुरशी लागते. एकदारी फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यात एवढी थंडी टिकेल याची खात्री नसते. दोन दारांच्या फ्रिजमध्ये कव्हर सपाट मावते का ते आधी मोजा, वाकवून कोंबू नका. डीप फ्रीझर मिळाला तर सर्वांत बरे.

बुरशी असेल तर कव्हर गच्चीवर उन्हात टाकायचा मोह होतो. सोलापूरचे ऊन पुठ्ठ्याचा पापड करते. सावलीत, वारा खेळेल अशा जागी, तोंड उघडे ठेवून दोन दिवस कोरडे होऊ द्या. मग नाकाला मास्क लावून, घराबाहेर, मऊ ब्रशने झटका. ओल्या फडक्याने पुसलीत तर बुरशी कागदाच्या आत जाते.

सफाई

दोन इंची मऊ केसांचा ब्रश, पांढरे नॉन-डस्ट खोडरबर, मायक्रोफायबरचे फडके, कापसाच्या काड्या आणि डिस्टिल्ड वॉटर एवढेच लागते. ब्रश मधून कडेकडे फिरवा. चकचकीत फिल्म असलेली पुढची बाजू घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसता येते. कडेपासून अर्धा सेंटिमीटर आधी थांबा, कारण पाणी फिल्मखाली तिथून शिरते. मागची बाजू बहुधा साधा कागद असतो, तिला पाणी लावायचेच नाही. खोडरबर हलक्या हाताने एकाच दिशेने फिरवा. पुढे-मागे घासले की कागदाला लव सुटते.

किमतीची चिठ्ठी काढायची असेल तर हेअर ड्रायर कमी उष्णतेवर, १५ सेंटिमीटरवरून, अर्धा मिनिट. मग एटीएम कार्डासारखी प्लास्टिकची पट्टी जवळजवळ आडवी धरून सरकवा. साध्या कागदावरची चिठ्ठी राहू द्या, ती निघते तेव्हा कागदाचा पापुद्रा घेऊनच निघते. सोलापूरच्या दुकानाची असेल तर ती खूणच आहे. मालकाचे नाव, शिक्का, बॉलपेनचे लिखाण यांना हात लावू नका. ते पुसायला लागणारे द्रव छपाईही पुसतात.

उसवलेली कड आणि गव्हाचा चीक

कड उसवली की घरातली पहिली प्रतिक्रिया म्हणजे चिकटपट्टी. काही वर्षांत तिचा गोंद पिवळा होऊन कागदात उतरतो आणि पट्टी गळून पडते, डाग मात्र कायमचा राहतो. फेव्हिकॉलसारखा पांढरा गोंद वाळल्यावर पाण्याने नीट सुटत नाही, म्हणून चूक सुधारता येत नाही. पुठ्ठ्याला चालते ती गव्हाच्या स्टार्चची खळ, आणि गव्हाचा स्टार्च म्हणजे कुरडयांसाठी काढतात तो चीकच.

पाव किलो गहू तीन दिवस भिजवा, पाणी रोज बदला. मग वाटून, भरपूर पाणी घालून पातळ फडक्यातून गाळा. चोथ्यात चिकट द्रव्य राहते आणि ते कव्हरासाठी नको असते, कारण त्यानेच कीड ओढली जाते आणि पुढे पिवळेपणा येतो. मैद्याची खळ याच कारणासाठी टाळायची. गाळलेले पाणी रात्रभर न हलवता ठेवा, वरचे पाणी ओतून टाका, पुन्हा स्वच्छ पाणी घालून निवळू द्या. असे दोनदा केले की तळाशी पांढराशुभ्र थर राहतो. कुरडयांचे मीठ आणि हिंग पडायच्या आधीचा हा चीक. तो ताटात पसरून सावलीत वाळवला की पूड होते आणि बंद बरणीत वर्षभर टिकते.

खळ करताना एक मोठा चमचा पुडीला पाच चमचे डिस्टिल्ड वॉटर घ्या. अर्धा तास भिजवा, मग मंद आचेवर सतत ढवळत १५ ते २० मिनिटे शिजवा. आधी दुधासारखी दिसते, मग घट्ट होऊन काचेसारखी पारदर्शक होते. पारदर्शक होण्याआधी उतरवली तर पकड येत नाही, ही नेहमीची चूक. गार झाल्यावर तलम फडक्यातून गाळा आणि थोडे पाणी घालून ताकाइतकी सैल करा. फ्रिजमध्ये तीन दिवस चालते, आंबट वास आला की टाकून द्या.

पट्टीसाठी पातळ, पांढरा, लांब धाग्यांचा हातकागद घ्या. जपानी कोझो कागद ऑनलाइन मिळतो. पतंगाचा रंगीत कागद नको, त्याचा रंग सुटतो. पट्टी १२ मिलिमीटर रुंद ठेवा, कात्रीने न कापता पाण्याची रेघ ओढून फाडा. फाटलेल्या कडेला तंतू मोकळे राहतात आणि ते पुठ्ठ्यात मिसळतात. कापलेली कड मात्र बाहेरून रेघेसारखी उमटते.

आता कव्हरात बटर पेपर घाला, नाहीतर पुढचा आणि मागचा भाग एकमेकांना चिकटतील. पट्टीला अगदी पातळ खळ लावा, अर्धा मिनिट थांबा, म्हणजे जास्तीचे पाणी कागदात मुरते. मग आतल्या बाजूने, सहा मिलिमीटर इकडे आणि सहा तिकडे येईल अशी बसवा. लांब चिमटा आणि स्टीलची पट्टी असेल तर आत हात न घालता जमते. वरून बटर पेपर, त्यावर काच, त्यावर दोन-तीन किलो वजन, रात्रभर. खळ जास्त झाली तर पुठ्ठा ओला होऊन सुरकुततो आणि पुढच्या चित्रावर लाटा दिसतात. असे झाले तर लगेच वजन काढून चाळवू नका. वरचा कागद बदलून आणखी एक दिवस दाबून ठेवा, बऱ्याच लाटा बसतात. मागची सुटलेली दुमड याच खळीने, पट्टीशिवाय, सपाट ब्रशने चिकटते.

फाटून गेलेला कोपरा पुन्हा बनवून रंगवू नका. तो तसाच बरा दिसतो.

ठेवणे

सर्वांत मोठी सुधारणा फुकटातली आहे: तबकडी कव्हरात ठेवू नका. साध्या आतल्या पाकिटात घालून कव्हराच्या मागे, दोन्ही मिळून एका बाहेरच्या पिशवीत ठेवा. वळ उठणे आणि कड उसवणे दोन्ही तिथेच थांबते. पिशवी पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिथीनची, सुमारे ७५ मायक्रॉन जाडीची, ३२.५ सेंटिमीटर बाजूची हवी. चादरी आणि बेडशीट ज्या जाड, पारदर्शक, चेनच्या पिशव्यांत मिळतात त्या सोलापुरात घरोघर पडलेल्या असतात आणि मापालाही बसतात. पण त्या बहुधा पीव्हीसीच्या असतात. त्यातले मऊपणा आणणारे द्रव्य उन्हाळ्यात बाहेर येते, शाईला आणि तबकडीला चिकटते. त्या वापरू नका. डांबराच्या गोळ्याही नकोत. कागद तो वास सोडत नाही आणि काही प्लास्टिक त्या वाफेने मऊ पडतात.

कव्हरे उभी ठेवा, एकावर एक नाही. तबकडीसह एक एलपी साधारण पाव किलोपर्यंत भरते, म्हणजे शंभर नगांना २५ किलो धरून फळी निवडा. कप्प्याची आतली उंची आणि खोली ३४ सेंटिमीटर, दर २०–२५ सेंटिमीटरवर आडोसा. ढिली ठेवलीत तर वाकतात, गच्च कोंबलीत तर काढताना कडा घासतात. बोट सहज जाईल एवढी फट असू द्या.

सोलापूरचा एप्रिल-मे ४० अंशांच्या वर जातो. वरच्या मजल्यावरचा स्लॅब आणि पश्चिमेची भिंत संध्याकाळीही तापलेली असते. कपाट आतल्या भिंतीला, जमिनीपासून १५ सेंटिमीटर उंच आणि भिंतीपासून दोन बोटे दूर हवे. कूलरच्या झोताच्या समोर मुळीच नको. दिवसभर कोरडी हवा आणि रात्री कूलरची ओल या रोजच्या चढउताराने पुठ्ठा वाकतो आणि फिल्म सुटते. काही शे रुपयांचे आर्द्रतामापक कपाटात ठेवा. काटा ६० टक्क्यांच्या आत असेल तर निर्धास्त राहा, ७० च्या वर राहू लागला की बुरशीला सुरुवात होते. सिलिका जेलच्या पुड्या पावसाळ्यात ठेवा आणि रंग बदलला की ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोन तास तापवून परत वापरा.

पाहणे

भिंतीवर लावायचे असेल तर फ्रेममध्ये काच आणि कव्हर यांच्यात तीन-चार मिलिमीटरची पुठ्ठ्याची चौकट ठेवा, नाहीतर उन्हाळ्यात फिल्म काचेला चिकटते. मागे टेप नाही, फोटोचे कोपरे वापरा. उजेडात गुलाबी-लाल आणि पिवळी शाई आधी उडते, निळी मागे राहते. दुकानांतली जुनी पोस्टर्स निळसर पडलेली दिसतात ती यामुळेच. म्हणून दर तीन महिन्यांनी कव्हर बदला, आणि उतरवलेले निदान वर्षभर अंधारात विसावू द्या. जागा भरपूर असली तरी एका वेळी चारपेक्षा जास्त लावू नयेत. चार असली की माणूस थांबून बघतो.

बदलाचा तोच दिवस नोंदीचा ठेवा. कव्हराचा फोटो सावलीत, मोबाइल एक मीटरवर धरून आणि झूम करून काढा. जवळून काढला तर चौरसाच्या कडा फुगतात. क्रमांक, भाषा, मोनो की स्टिरिओ, छापखान्याचे आणि चित्रकाराचे नाव मागे बारीक अक्षरात असल्यास तेही, शिक्क्यावरचा मजकूर जसाच्या तसा, कुठे आणि कितीला मिळाले, काय दुरुस्ती केली. हे सगळे वेगळ्या चिठ्ठीवर पेन्सिलीने लिहा आणि चिठ्ठी बाहेरच्या पिशवीत, कव्हराच्या मागे सरकवा. कव्हरावर काही लिहू नका.